माई ओळख दाखवत नाहीत

माईआत्या गर्विष्ठ आहे, हे आमच्या गोतावळ्यात कित्येक वर्षं सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. बडोद्यात दांडिया बाजारातून रावपुऱ्याकडे जाताना कुणी हात केला तर ती सरळ पुढे निघून जायची. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईशी अवाक्षर बोलायची नाही, आणि समोरच्या रांगेतल्या बाईची मात्र नाव घेऊन विचारपूस करायची. एका संक्रांतीला दाराजवळ बसलेल्या धाकट्या जावेला वाण द्यायचं राहिलं. त्या काकूंनी ते मनाला इतकं लावून घेतलं की पुढे येणंजाणंच तुटलं. "शाळेत हेडबाई होत्या ना, ताठा जाईल कसा?" असं लोक म्हणत. वहिनी, म्हणजे तिची सून, घरचं माणूस म्हणून तेच जरा सौम्य शब्दांत सांगायची: "माई ओळख दाखवत नाहीत."

डोळ्यांची शंका कुणालाच आली नाही, कारण तिचे डोळे उत्तम होते. जवळचा चष्मा लावला की सुईत दोरा पहिल्या फटक्यात. पंचांगातला बारीक टाइप ती नातवंडांना वाचून दाखवायची. गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या रिक्षाचा नंबर सांगायची. इतकं दिसणाऱ्या बाईला माणसं दिसत नाहीत, यावर कोण विश्वास ठेवणार? मग ती बघून न बघितल्यासारखं करते, एवढाच अर्थ उरतो.

तिचे धाकटे भाऊ म्हणजे माझे वडील. नानांच्या वाट्याला वेगळं विशेषण आलं होतं: धांदरट. शेवटची पायरी चुकायची, जमिनीवर ठेवलेला तांब्या लवंडायचा, चौरंगाचा कोपरा नडगीला लागायचा. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात लहानपणापासून मल्लखांब केलेला माणूस, तोल म्हणजे काय ते ज्याच्या अंगात मुरलेलं, तो उतारवयात असा वेंधळा व्हावा याचं सगळ्यांना नवल वाटायचं. आई म्हणायची, "लक्ष कुठे असतं तुमचं?"

लक्ष जागेवरच होतं. दोघांनाही काचबिंदू होता, आणि कळला त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

कळला तोही योगायोगानेच. आत्या मोतीबिंदू पिकला का ते दाखवायला गेली होती, मी सोबत होते. डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, भिंगातून आत बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिले. मोतीबिंदूचा विषय बाजूला ठेवून त्यांनी डोळ्याचा दाब मोजला, एका लांबलचक तपासणीसाठी पुन्हा बोलावलं, आणि तिचा कागद हातात आल्यावर म्हणाले, "बेन, झामर छे." गुजरातेत काचबिंदूला झामरच म्हणतात. त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मला निदानाइतकाच मोलाचा वाटतो. "तमारां भाई-बहेन केटलां?" भावंडं किती, कुठे असतात, मुलं किती, त्यांची वयं काय, हे सगळं त्यांनी केसपेपरवर लिहून घेतलं. म्हणाले, आई-वडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांना हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते, तेव्हा एकेकाला घेऊन या. नाना तपासले गेले ते यामुळे. मीही.

डॉक्टर भिंगातून बघत होते तो दृष्टीचा मज्जातंतू, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे निघतो तिथलं त्याचं तोंड. जिवंत माणसाच्या डोळ्यात ते बघायची सोय हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली करून दिली. त्याआधी हजारो वर्षं वैद्यांना माणसं आंधळी होताना दिसत होती, पण आत काय बिघडतं ते बघण्याचा मार्ग नव्हता. या मज्जातंतूत दहा ते बारा लाख बारीक तंतू असतात. त्याच्या तोंडाशी मधोमध एक खळगा असतो. तंतू मरत गेले की कडा झिजते आणि खळगा रुंद होतो. आत्याच्या उजव्या डोळ्यात जवळजवळ नुसता खळगाच उरला होता.

तंतू मरतात ते बहुतेकदा दाबामुळे. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव अखंड तयार होत असतो. अश्रूंचा आणि त्याचा संबंध नाही. तो बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या मागे तयार होतो, बाहुलीतून पुढे येतो, आणि रंगीत पडदा व त्याच्यापुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, जिथे मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून निथळून रक्तात जातो. मोरीच्या जाळीत वर्षानुवर्षं गाळ बसावा, पाणी जात तर राहावं पण हळू, तसं या जाळीचं वयाप्रमाणे होत जातं. द्रव तयार होण्याचा वेग तोच, जाण्याचा मंद. मग आतला दाब चढतो. सर्वसाधारण दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान धरतात. पण या आकड्यावर विसंबून चालत नाही, हे मला डॉक्टरांनी फार नीट समजावलं. कुणाचा मज्जातंतू १७-१८ च्या दाबातही झिजतो आणि कुणाचा २५ मध्ये वर्षानुवर्षं टिकतो. शिवाय ज्याची कॉर्निया पातळ, त्याचा दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून "दाब नॉर्मल आला" एवढ्यावर काचबिंदू नाही असं समजू नये. मज्जातंतू बघावाच लागतो.

आता मुख्य प्रश्न. एवढी दृष्टी जाते तर माणसाला कळत कसं नाही?

वाचता वाचता एक प्रयोग करून बघा. दोन्ही हात समोर ताठ करा, दोन्ही अंगठे एकमेकांना लावून उभे धरा. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडे टक लावून बघत राहा, आणि उजवा अंगठा सावकाश उजवीकडे न्या. साधारण १५-१६ सेंटिमीटरवर उजव्या अंगठ्याचं टोक गायब होईल. आणखी पुढे नेलंत की परत येईल. तिथे, जिथून मज्जातंतू डोळ्याबाहेर पडतो, तुमच्या डोळ्याला जन्मापासून काही दिसत नाही. आजवर कधी जाणवलं? अंगठा गेला तिथे काळा ठिपका दिसला नाही, भोक दिसलं नाही, मागची भिंत सलग दिसत राहिली. मेंदूने आजूबाजूची भिंत घेऊन ती जागा भरून टाकली.

काचबिंदूत हेच होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर आणि वर्षानुवर्षं हळूहळू. लोकांना वाटतं, या रोग्यांना काळ्या बोगद्यातून बघितल्यासारखं दिसत असेल. माहितीपत्रकांत चित्रंही तशीच छापतात. लंडनच्या संशोधकांनी २०१३ साली काचबिंदूच्या रोग्यांपुढे वेगवेगळी चित्रं ठेवून विचारलं, तुम्हाला यातलं कसं दिसतं? काळ्या बोगद्याचं चित्र एकानेही निवडलं नाही. त्यांनी निवडलं ते काही भाग धूसर असलेलं, किंवा काही भाग नुसताच नसलेलं. रस्त्याचं चित्र आहे, गाड्या आहेत, झाडं आहेत, फक्त फुटपाथवरचं मूल नाही. त्याच्या जागी फुटपाथच आहे.

माईआत्यापुरतं बोलायचं तर दांडिया बाजाराचा रस्ता आहे, दुकानं आहेत, आणि उजवीकडून हात करणारी वर्गमैत्रीण नाही.

उजवीकडून हे मी विचारपूर्वक लिहितेय. तिच्या डाव्या डोळ्याचा वरचा भाग गेला होता, पण उजव्या डोळ्यात मधलं बेटच तेवढं शिल्लक होतं. कागद घरी आणल्यावर वहिनी आणि मी बसून एकेक प्रसंग आठवत गेलो. वाण न मिळालेल्या काकू दाराजवळ, म्हणजे आत्याच्या उजव्या हाताला. पंगतीतली ती बाई उजवीकडे. बोलली नाही म्हणून एकदा रागावलेल्या व्याहीणबाई गाडीत तिच्या उजवीकडे बसल्या होत्या. जिच्या नावाने तिने आपुलकीने हाक मारली, ती प्रत्येक वेळी समोर असायची. वहिनी गप्प झाली. मग एवढंच म्हणाली, "आणि आपण काय काय बोललो."

हा कागद जिथून येतो ती दृष्टीच्या घेराची तपासणी ज्यांना आयुष्यात एकदा तरी द्यावी लागते अशांसाठी थोडं सविस्तर सांगते, कारण घाबरून लोक ती टाळतात. अर्ध्या गोलासारखं पांढरं यंत्र असतं. एक डोळा झाकतात, हनुवटी टेकवून मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं. आत कुठेही, कधीही प्रकाशाचा बारीक ठिपका उमटतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. नजर हलवून ठिपके शोधायचे नाहीत. एका डोळ्याला पाचेक मिनिटं लागतात आणि ती फार लांब वाटतात. बाहेर आल्यावर जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, मी नापास झालो, निम्मे ठिपके दिसलेच नाहीत. ते तसंच व्हायला हवं असतं. यंत्र प्रत्येक जागी ठिपका मंद करत करत, दिसणं कुठे थांबतं ती सीमा शोधत असतं, त्यामुळे निरोगी डोळ्यालाही बरेचसे दिसत नाहीत. शिवाय पहिल्यांदा दिलेली तपासणी बहुधा भरवशाची नसते, माणूस शिकत असतो. दुसरी-तिसरी खरी. आत्या या यंत्राला "परीक्षा" म्हणते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या बाईला त्या यंत्रापुढे बसणं किती जड गेलं असेल, ते मला तिच्या आवळलेल्या मुठीवरून समजत होतं.

कागदावर जिथे दिसत नाही ती जागा काळी-करडी छापून येते. नानांचा कागद खालच्या बाजूने काळा होता. पायऱ्या, तांब्या, चौरंग, सगळं त्या काळ्यात. आत्याचा वरून काळा. उत्तरायणाला आमच्याकडे पहाटेपासून सगळं बडोदं गच्चीवर असतं. आत्या एके काळी फिरकी धरायला पहिली असायची, आणि कुणाचा पतंग कुठून अंगावर येतोय ते सगळ्यांच्या आधी ओरडून सांगायची. मग हळूहळू तिने गच्चीवर येणं सोडलं. ऊन सोसत नाही म्हणायची. तिला आकाशच उरलं नव्हतं, आणि ते तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांनी रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. शाळेची मुलं घेऊन ती दरवर्षी तिथे जायची, गंगावतरणाच्या भिंतीजवळ उभी राहून एकेक आकृती दाखवायची. निवृत्तीनंतर नातवाला घेऊन गेली तेव्हा पार मागे सरकून उभी राहिली. "इथून सगळं एकदम दिसतं," असं म्हणाली. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, बरोबर आहे. दृष्टीचा घेर आवळला की माणूस आपोआप लांबून बघायला लागतो, लांबून जास्त मावतं. लग्नकार्यात ती मांडवाच्या टोकाची खुर्ची धरून का बसायची, तेही मग उलगडलं. त्यालाही आम्ही शिष्टपणाच म्हणत होतो.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून "६/६ आहे, डोळे ठणठणीत" असं समाधान मानणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तो आकडा फक्त मध्यबिंदूचा आहे. काचबिंदू मध्यबिंदूला बहुधा शेवटी हात लावतो. आपल्या देशातल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाची जी व्याख्या आहे, तिच्यात दृष्टीचा घेर १० अंशांहून कमी असेल तर तो माणूसही अंध धरला आहे, समोरचं अक्षर त्याला कितीही स्पष्ट वाचता येत असलं तरी. म्हणजे पंचांग वाचणारी आणि कायद्याने अंध, अशी बाई असू शकते. आत्याचा डावा डोळा नसता तर ती तशीच ठरली असती.

भारतात चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा २०१० सालचा एक अंदाज आहे. दक्षिणेतल्या गावांत आणि शहरांत घरोघर जाऊन डोळे तपासले गेले, तेव्हा ज्यांना तो निघाला त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना आधी पत्ताच नव्हता. इतक्या घरांत कुणीतरी धांदरट आहे, कुणी तंद्रीत असतं, कुणी शिष्ट झालंय.

गेलेली दृष्टी परत येत नाही. हे ऐकायला कठीण, पण पहिल्याच भेटीत कळलेलं बरं, नाहीतर माणूस थेंब घालत राहतो, महिनाभराने फरक दिसत नाही आणि बाटली बंद करतो. थेंबांनी बरं वाटत नसतं. उलट चुरचुरतं, डोळे लाल होतात. उपचाराचं काम एकच, दाब उतरवणं, म्हणजे उरलेले तंतू टिकतात. स्वीडनमधल्या एका अभ्यासात दिसलं की दाब एका मिलिमीटरने उतरला तरी आजार पुढे सरकण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटतो. मला हा आकडा फार दिलासा देणारा वाटतो. नानांचा दाब आठ मिलिमीटरने उतरला.

रात्री झोपताना एकदा घालायचे लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट यांसारखे थेंब आता बहुतेकांना आधी देतात. त्यांनी द्रव निथळायची वाट मोकळी होते. त्यांनी पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, डोळ्याभोवतीची कातडी थोडी काळवंडते. आत्याच्या पापण्या या वयात इतक्या सुंदर झाल्या की बायका विचारतात, काय लावता? टिमोलॉल हा जुना थेंब, १९७० च्या दशकाअखेरचा, त्या मानाने स्वस्त, द्रव तयार होणंच कमी करणारा. पण दमा असेल किंवा नाडी मंद चालत असेल तर तो घातक ठरू शकतो. आत्याला दमा आहे. डोळ्यांच्या डॉक्टरला दम्याचं काय सांगायचं, असं म्हणून ती गप्प बसणार होती. मी सांगितलं. डोळ्यात घातलेला थेंब नाकात उतरतो आणि तिथून रक्तात जातो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरला सगळं सांगावं: दमा, हृदय, झोपेच्या गोळ्या, सगळं.

थेंब घालण्याची रीत कुणीच नीट शिकवत नाही, आणि निम्मं औषध गालावरून वाहून जातं. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करायचा, बाटलीचं टोक डोळ्याला लागू न देता एकच थेंब. दुसऱ्याची गरज नसते, डोळ्यात मावतं त्यापेक्षा एक थेंब मुळातच मोठा असतो. मग डोळा हलकेच मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, उघडझाप करायची नाही. औषध डोळ्यात राहतं, नाकात उतरत नाही. दुसऱ्या प्रकारचा थेंब असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर पहिला धुऊन निघतो. आत्याचे हात थरथरतात, तेव्हा हे सगळं वहिनी करते. रात्रीची भांडी आवरली की ती "माई, आडव्या व्हा" म्हणते, आणि ती दोन मिनिटं दोघी काही ना काही बोलतात. सासू-सुनेत इतकं बोलणं पूर्वी दिवसभरात होत नव्हतं.

नानांना थेंबांपेक्षा दोन गोष्टी सोडणं जड गेलं. रोज सकाळी शीर्षासन, आणि त्याआधी तांब्याभर पाणी एका दमात. शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, हे आपल्याकडच्याच डॉक्टरांनी योगासनं करणाऱ्यांवर मोजून दाखवलं आहे. भराभर प्यायलेल्या लिटरभर पाण्यानेही तो काही वेळ चढतो. नाना म्हणाले, साठ वर्षं केलं. डॉक्टरांनी वाद घातला नाही. म्हणाले, "चाला, पाणी घोटघोट प्या. डोकं तेवढं वर असू द्या." व्यायाम सोडायला कुणी सांगत नाही. भरभर चालण्याने दाब थोडा उतरतोच.

ज्यांना थेंब झेपत नाहीत, विसरतात किंवा परवडत नाहीत, त्यांनी लेझरबद्दल जरूर विचारावं. जाळीवर लेझर मारून तिची निथळ सुधारता येते, काही मिनिटांचं काम असतं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली आले. ज्यांच्यावर आधी लेझर केलं, त्यांतल्या जवळपास तीनचतुर्थांश लोकांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय आटोक्यात होता. तरीही भागलं नाही तर शस्त्रक्रिया आहे. केर्न्स या ब्रिटिश डॉक्टरने १९६८ साली मांडलेली पद्धत आजही वापरात आहे: डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडपेखाली बारीक वाट करून द्रवाला बाहेर काढतात. आत्याच्या उजव्या डोळ्यावर तीच केली. तिला वाटत होतं, ऑपरेशननंतर मोतीबिंदूसारखं लख्ख दिसेल. तसं होणार नाही हे आधी सांगून ठेवलं होतं, तरी पट्टी काढल्यावर तिचा चेहरा पडलाच.

इथवर लिहिलं ते चोरपावलांनी येणाऱ्या काचबिंदूबद्दल. दुसरा एक आहे तो रात्रीत येतो, आणि आपल्याकडे त्याला पित्त समजतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू सर्दीची गोळी घेऊन झोपल्या आणि मध्यरात्री कपाळ फुटतंय म्हणून उठल्या. उलट्या सुरू झाल्या. घरच्यांनी आमसुलाचं पाणी दिलं, कुणी सूतशेखर दिली, जवळच्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन झालं. एक डोळा लालभडक होता, तो रडून झाला असेल असं वाटलं. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय, असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत दुपार झाली. दाब पन्नाशीच्या वर गेला होता. काही जणांच्या डोळ्यांत तो कोन मुळातच अरुंद असतो, जास्त करून बायकांच्या आणि प्लस (+) नंबरचा चष्मा असलेल्यांच्या, आणि आशियाई लोकांत हे प्रमाण बरंच आहे. अंधारात किंवा काही औषधांनी बाहुली फाकते आणि कोन पुरता बंद होतो. शिरेतून औषध, गोळ्या, आणि दाब उतरल्यावर रंगीत पडद्याला लेझरने बारीक छिद्र, असा उपचार होतो. दुसऱ्या डोळ्यालाही ते छिद्र करून ठेवतात. काकूंची त्या डोळ्याची बरीच दृष्टी तेवढ्या तासांत गेली. डोकं फुटतंय, उलटी होतेय आणि डोळा लाल आहे, हे तीन एकत्र दिसले तर सकाळची वाट बघू नका. कोन अरुंद आहे की नाही हे आधीच्या साध्या तपासणीत कळू शकतं.

आणि मुलांच्या डोळ्यांना खाज सुटली की मेडिकलमधून मागून आणलेले थेंब. त्यांतल्या कितीतरी बाटल्यांत स्टेरॉइड असतं. आराम झटकन पडतो, म्हणून दर उन्हाळ्यात तीच बाटली पुन्हा आणतात, महिनोन्‌महिने घालतात. स्टेरॉइडने दाब चढतो आणि त्यातून दहा-बारा वर्षांच्या मुलाचाही मज्जातंतू झिजू शकतो. चिठ्ठीशिवाय अशी बाटली देणाऱ्याचा आणि मागणाऱ्याचाही मला राग येतो. इथे तरी हा आजार पूर्ण टाळता येण्यासारखा आहे.

भावंडांची यादी घेऊन मी सगळ्यांना फोन केले. पुण्याची धाकटी आत्या लगेच गेली, तिचं सगळं ठीक निघालं. काका अजून जातो-जातो म्हणताहेत. माझा दाब २४ आहे, मज्जातंतू शाबूत आहे, दर सहा महिन्यांनी दाखवायचं ठरलंय. दादाच्या, म्हणजे आत्याच्या मुलाच्या डाव्या डोळ्यातला खळगा मोठा निघाला आणि त्याचे थेंब सुरू झाले. माईआत्याला हे फोन आवडले नव्हते. "घराण्याच्या डोळ्यांचा डांगोरा कशाला पिटतेस?" तिचं म्हणणं मला समजतं. दादाच्या मुलीचं लग्न जमत होतं. वहिनीलाही तीच धास्ती होती. तिने मला विचारलं, "त्यांना सांगायचं का गं?"

मी म्हटलं, सांगायचं. मधुमेह आहे, हे आपण सांगतोच की. लपवलं तर ती पोर चाळिशीत तपासायला जाणार नाही, तिची मुलं जाणार नाहीत, आणि तिच्या सासरी कुणीतरी तिला एक दिवस शिष्ट म्हणेल. वहिनीला शेवटचं पटलं. मुलाच्या आईला तिने फोन केला तेव्हा मी शेजारी बसले होते. आजीला आहे, वडिलांना सुरुवात आहे, मुलीचं तपासून घेतलंय, ठीक आहे, सगळं एका दमात सांगून टाकलं. पलीकडून त्या बाई म्हणाल्या, आमच्या वडिलांनाही आहे, नाशकात असतात, रात्री एक थेंब घालतात. बडोद्याला लग्नाला आणायचंय त्यांना, मे महिन्यात. ती बाटली प्रवासात कशी सांभाळता तुम्ही?

वहिनीने फोन माझ्या हातात दिला. मी सांगितलं, त्यांच्या बाटलीवर काय छापलंय ते आधी बघा. लॅटानोप्रोस्ट असेल तर न उघडलेली बाटली बहुधा फ्रिजमध्येच ठेवायची असते. उघडलेली चार आठवडे बाहेर चालते, पण २५ अंशांपर्यंत, आणि आमच्याकडे मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो. तेव्हा तोंड रुंद असलेल्या थर्मासात बर्फाची पिशवी, तिच्यावर टॉवेल आणि त्यात बाटली, म्हणजे गोठणार नाही. इथे पोचल्यावर आमच्या फ्रिजच्या दारात, आत्याच्या बाटलीच्या शेजारी ठेवू. नावाची चिकटपट्टी मात्र लावून आणा, इथे तीन बाटल्या आहेत.